घंटा वाजली, पण दारीं कोणी नाहीं!

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरच्या दाराची घंटा सर्वांच्या मालकीची असते. ती वाजली म्हणजे दूधवाला आला, पोस्टमन आला, कीं मुलें शाळेंतून परत आलीं, हें नुसत्या आवाजावरून कळत नाहीं. कोणीतरी हातांतलें काम टाकून उठावें, दार उघडावें आणि आलेला मनुष्य कोणाकडे आला आहे हें विचारून त्यास आंत कळवावें, हाच तेथील परिपाठ. दार उघडल्यावर बाहेर कोणीच नसलें तर उठणारा मनांतल्या मनांत चरफडतो. असें दिवसांतून दहा वेळां झालें तर अकराव्या वेळीं कोणी उठत नाहीं. आणि नेमका त्याच वेळीं औषध घेऊन आलेला मनुष्य दारावरून परत जातो.

हल्लींच्या संगणकाच्या पोटांत हाच प्रसंग क्षणोक्षणीं घडत असतो. त्या खोट्या हांकेचा उगम कसा शोधतात, आणि ती केवळ बंद करून टाकल्यानें काय अनर्थ ओढवूं शकतो, हें आमच्या वाचकांस सांगावें असें आम्ही योजिलें आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा सून रात्रीं दोन वाजतां संगणकापुढें बसून ‘अजून कारण सांपडत नाहीं’ असें म्हणते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस तरी तो परका वाटूं नये.

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेस निघालें म्हणजे विरार मागें पडल्यावर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर हीं स्थानकें लागतात. पालघर हें १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. बोईसरलगत तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे; तींत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे व पोलादाचे कारखाने आहेत; आणि समुद्रकांठीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र आहे. या टापूंत इशारा देणाऱ्या यंत्रांवर मनुष्याचा जीव विसंबून असतो. म्हणून आमच्या विषयास याहून योग्य स्थळ शोधण्याची गरज नाहीं.

हांक म्हणजे काय?

संगणकाचा मुख्य कारकून म्हणजे प्रोसेसर. तो अतिशय चपळ. उलट कळफलक, छपाईयंत्र, मापकयंत्र हीं त्याच्या मानानें फार मंद. त्यानें प्रत्येकाच्या दारीं जाऊन ‘तुझें कांहीं काम आहे काय?’ असें विचारीत हिंडणें म्हणजे वेळेचा अपव्यय होय. म्हणून १९५० नंतरच्या दशकांत अशी योजना निघाली कीं, ज्याला काम असेल त्यानें एका तारेवरून इशारा करावा, प्रोसेसरनें हातचें काम जेथल्या तेथें ठेवून त्याची दाद घ्यावी, आणि मग पूर्वींचें काम पुढें चालू करावें. या इशाऱ्यास ‘इंटरप्ट’ असें नांव आहे.

ही सोय मोठी, तशीच तींतील अडचणही मोठी. हॉलंडचे प्रसिद्ध संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं ‘एक्स-१’ नांवाच्या यंत्रासाठीं अशा हांकांस उत्तर देणारी आज्ञावली लिहिली, व १९५९ सालीं तोच विषय आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांत मांडला. प्रथम या योजनेची त्यांस धास्तीच वाटली होती. कारण उघड आहे. हांक कोणत्या क्षणीं येईल हें आधीं सांगतां येत नाहीं. आणि म्हणून तिच्यामुळें घडलेली चूक पुन्हां तशीच घडवून दाखवितां येत नाहीं.

येथें दोन शब्दांचा खुलासा करणें जरूर आहे. संगणकाच्या सर्व कारभाराचा जो गाभा, त्यास ‘कर्नल’ म्हणतात. लष्करांतील कर्नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. हा शब्द बीजांतील गर या अर्थाचा आहे. आणि ‘ड्रायव्हर’ म्हणजे मोटार हांकणारा नव्हे, तर एकेका यंत्राची भाषा जाणणारा, त्याच्याशीं व्यवहार करणारा कर्नलचा मुनीम. हांक आली कीं कर्नल त्या तारेवरील मुनिमांस क्रमानें विचारतो, ‘ही तुझ्या यंत्राची आहे काय?’ मुनिमानें आपल्या यंत्राची नोंद वाचून ‘होय, माझी’ किंवा ‘नव्हे, माझी नाहीं’ असें उत्तर द्यावयाचें असतें. या दोन उत्तरांच्या खरेपणावर पुढील सर्व शोध अवलंबून आहे.

खोट्या हांकेचे चार प्रकार

ज्या हांकेचा धनी सांपडत नाहीं, तिला जाणते लोक ‘स्पूरियस’ म्हणतात. अशा हांका सामान्यतः चार प्रकारांनीं उत्पन्न होतात.

पहिला प्रकार असा कीं घंटेचें बटण कोणीं दाबलेलेंच नसतें. इशाऱ्याची तार मोकळी लोंबकळत असली, तिला स्थिर ठेवणारा विद्युत्‌रोध बसविलेला नसला, किंवा शेजारून मोठ्या मोटारीची केबल गेलेली असली, तर त्या तारेंत क्षणभर विजेची लहर उठते व यंत्र ती हांक समजतें. जेथें मोठाले पंप व मोटारी सारख्या चालूबंद होतात आणि खाऱ्या हवेनें तारांचे सांधे गंजतात, तेथें हा प्रकार विशेष संभवतो. यावरील उपाय आज्ञावलींत नसून तारेंत आहे: योग्य रोध, आच्छादित केबल, चांगलें अर्थिंग आणि स्वच्छ सांधे.

दुसऱ्या प्रकारांत बटण दाबलेलें असतें, पण दार उघडेपर्यंत दाबणारा निघून जातो. याचें नमुनेदार उदाहरण इंटेल कंपनीच्या ‘८२५९’ या हांका वांटणाऱ्या चिपेंत सांपडतें. हिच्याकडे ० ते ७ अशा आठ तारा येतात. एखादी तार इशारा करून प्रोसेसरनें ‘कोण आहे?’ असें विचारण्यापूर्वींच गप्प झाली, तर या चिपेस कांहीं तरी उत्तर देणें भाग पडतें. आणि अशा वेळीं ती ‘७ क्रमांक’ असें सांगून मोकळी होते. १९८१ सालच्या आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकांत सातवी तार छपाईयंत्रास दिलेली असे. त्यामुळें भलत्याच तारेची चूक बिचाऱ्या छपाईयंत्राच्या नांवावर पडे! शहाणा मुनीम अशा वेळीं चिपेची ‘सध्यां काम चालू आहे’ ही नोंद वाचून पाहतो. तींत सातव्याचा उल्लेख नसेल तर ती हांक मुळींच खरी नव्हे. आणि मग ‘काम संपलें’ असा निरोपही त्या चिपेस पाठवावयाचा नसतो. जें काम सुरूच झालें नाहीं तें संपल्याचें सांगितलें तर दुसऱ्याच कोणाचें चालू असलेलें काम संपल्याची नोंद होण्याचा धोका असतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. येथें हांकही खरी असते व तिला उत्तरही मिळतें. परंतु उत्तर पोंचण्यास उशीर होतो. मुनीम यंत्रास ‘तुझें काम झालें, आतां गप्प बस’ असा निरोप लिहितो. हा निरोप वाटेंतील मध्यस्थ चिपेपाशीं क्षणभर रेंगाळतो. पत्र पेटींत टाकलें म्हणजे तें पोंचलें असें नव्हे, तद्वतच हें होय. मुनीम निर्धास्त होऊन परततो. यंत्राचें बोट अजून घंटेवरच असतें. घंटा पुन्हां वाजते. मुनीम धांवत येऊन पाहतो तों मधल्या काळांत निरोप पोंचून यंत्र गप्प झालेलें असतें. दारीं कोणी नाहीं! यावरील उपाय सोपा आहे: निरोप लिहिल्यावर त्याच यंत्राची एखादी नोंद लगेच परत वाचावी. तें वाचन आधींचा निरोप पुढें ढकलल्याशिवाय पुरें होऊं शकत नाहीं. ही पत्राची पोंच मागण्यासारखी युक्ति आहे. कित्येक रात्रींची जागरणें अखेर या एका ओळीनें संपलेलीं आहेत.

चौथ्या प्रकारांत बटण दाबणारा दारांत उभाच असतो, पण घरांत त्यास कोणी ओळखत नाहीं. संगणक सुरू होतांना एखादें यंत्र जागें झालें व त्याचा मुनीम अजून कामावर रुजूच झाला नाहीं, तर हांक कोणीं घ्यावी? तें यंत्र घंटेवरचें बोट काढीत नाहीं, आणि सर्व घर हैराण होतें.

एका तारेवर पुष्कळ धनी

आतां एकत्र कुटुंबाचा दृष्टांत अधिक समर्पक होईल. ‘पी. सी. आय.’ नांवाच्या पद्धतींत हांकेच्या तारा थोड्या व यंत्रें पुष्कळ. म्हणून एकाच तारेवर दोन-तीन यंत्रें बसवावीं लागत. बोट घंटेवर असेपर्यंत ती वाजत राहावयाची, असा तेथील नियम. एकानें बोट काढलें तरी दुसऱ्याचें असूं शकतें, म्हणून सर्वांस विचारणें प्राप्त असतें.

लिनक्स नांवाच्या प्रसिद्ध कर्नलमध्यें याविषयीं एक नियम आहे. प्रत्येक तारेवरील हांकांचा एक-एक लाखाचा हिशेब ठेविला जातो. त्या लाखांपैकीं ९९,९०० हून अधिक हांकांस सर्व मुनिमांनीं ‘माझी नाहीं’ म्हटलें, तर कर्नल दप्तरांत ‘नोबडी केअर्ड’, म्हणजे कोणीच विचारपूस केली नाहीं, असा शेरा मारतो आणि ती तारच बंद करतो. खोट्या हांकांच्या माऱ्याखालीं सबंध यंत्र गुदमरून जाण्यापेक्षां हें बरें, असा त्यांतील हेतु. पण त्या तारेवर बसलेलीं निरपराध यंत्रेंही त्याच क्षणीं मुकीं होतात, हें विसरून चालणार नाहीं. एका खोडकर मुलासाठीं दाराची घंटाच काढून ठेवली तर वैद्यांनीं तरी कसें बोलवावें?

येथें काय पणास लागतें तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. औषधें करणाऱ्या एखाद्या कारखान्यांत टाकीचें उष्णतामान टिपणारा संगणक आहे असें समजा. मापकाचें कार्ड व जाळ्याशीं जोडणारें कार्ड एकाच तारेवर आहेत. रात्रीं केव्हांतरी खोट्या हांकांचा लोंढा येऊन कर्नलनें तार बंद केली. पडद्यावर शेवटचा आंकडा तसाच राहिला. पाहणाऱ्यास वाटतें, उष्णतामान किती स्थिर आहे! वस्तुतः आंकडा स्थिर नसून मेलेला असतो. टाकी तापत असली तरी तें सांगणारा आतां कोणी उरला नाहीं.

अशा वेळीं शोध कसा करावा? घाईनें दोष देण्यापूर्वीं मोजावें, हा पहिला नियम. कर्नल प्रत्येक तारेवरील हांकांची एक वही सदैव ठेवीत असतो. दहा सेकंदांच्या अंतरानें ती दोनदां वाचली म्हणजे कोणता आंकडा अवास्तव वाढतो आहे तें दिसतें. दुसरें, त्या तारेवर कोण कोण बसलें आहे याची यादी करावी. तिसरें, एकेक यंत्र काढून ठेवून लोंढा थांबतो काय तें पाहावें. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा हें कळत नाहीं, ही गोष्ट औषध देणाऱ्या कोणाही वैद्यास ठाऊक आहे. चौथें, तारेवर ऑसिलोस्कोप लावून डोळ्यांनीं पाहावें. सुईच्या टोंकासारखी क्षणिक लहर दिसली तर दोष तारेंत. सबंध पातळी दाबून धरलेली दिसली तर दोष उत्तर देण्यांत. पांचवें, प्रत्येक मुनीम आपल्या यंत्राची नोंद खरोखर वाचतो कीं नाहीं, हें त्याच्या आज्ञावलींत शिरून तपासावें.

हा पांचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कांहीं आळशी मुनीम नोंद न पाहतांच प्रत्येक हांकेस ‘होय, माझी’ असें सांगून मोकळे होतात. वरवर पाहतां यांत नम्रता दिसते. परंतु परिणाम विपरीत होतो. सर्व हांकांस धनी मिळाल्यामुळें कर्नलच्या हिशेबांत खोटी हांक म्हणून उरतच नाहीं. संशय घेण्याचें साधनच नाहींसें होतें, आणि यंत्र हांकांना उत्तरें देतां देतां शेवटीं गोठून जातें. उलट जो मुनीम ‘माझी नाहीं’ असें खरेपणानें सांगतो, त्याच्याच साक्षीवरून चोर सांपडतो.

संगणक सुरू करतांना एक विशेष आज्ञा देऊन धनी नसलेल्या हांकेसाठीं कर्नलला सर्व मुनिमांकडे फेरी मारावयास लावतां येतें. तेवढ्यानें काम निभतें. पण तो उतारा होय, उपचार नव्हे.

१९६९ सालची हकीकत

खोट्या इशाऱ्यांनीं केवढा प्रसंग येतो याचें प्रसिद्ध उदाहरण २० जुलै १९६९ चें आहे. अपोलो-११ चें यान चंद्रावर उतरत असतां त्याच्या संगणकानें ‘१२०२’ आणि ‘१२०१’ असे धोक्याचे इशारे दिले. त्या वेळीं उतरण्यास जरूर नसलेल्या एका रडारच्या विद्युत्‌पुरवठ्यांत मेळ नव्हता. त्यामुळें त्या रडारकडून निरर्थक स्पंदांचा वर्षाव संगणकावर होत होता, आणि ते मोजण्यांतच त्याचा जवळ जवळ सातवा हिस्सा वेळ खर्ची पडत होता. ते स्पंद म्हणजे अगदीं इंटरप्ट नव्हेत, पण वेळ चोरण्याची रीत तीच. यान बचावलें तें त्या संगणकाच्या रचनेमुळें: भार असह्य होतांच तो कमी महत्त्वाचीं कामें टाकून देऊन उतरण्याचें मुख्य काम पुन्हां हातीं घेई. विशेष हें कीं, त्यानें इशारा दाबून ठेविला नाहीं. तो दिला, आणि कामही केलें.

त्याच वर्षीं २८ ऑक्टोबर रोजीं तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊं लागल्या, आणि १९ जानेवारी १९७० रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं तें केंद्र राष्ट्रास अर्पण केलें. पुढें २००५ व २००६ सालीं तेथेंच प्रत्येकीं ५४० मेगावॉटच्या, जड पाणी वापरणाऱ्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या.

अणुभट्टींत खोट्या हांकेचा प्रश्न दुहेरी असतो. धोक्याचा खरा इशारा हुकला तर अनर्थ. आणि खोट्या इशाऱ्यानें भट्टी वारंवार बंद पडली तर वीज जाते, यंत्रसामग्रीवर ताण पडतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे माणसें इशाऱ्यांस सरावतात. यावर अभियंत्यांनीं जो तोडगा काढला तो साक्षीदारांच्या न्यायाचा आहे. एकच गोष्ट मोजण्यास तीन स्वतंत्र मार्ग ठेवावयाचे, आणि तिघांपैकीं दोघांनीं धोका सांगितला तरच भट्टी आपोआप बंद करावयाची. एकटा खोटें ओरडला तर भट्टी थांबत नाहीं. एकटा मुका झाला तरी उरलेले दोघे पुरे पडतात. शिवाय या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत बंद करण्याच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत: एक कॅडमियमचे दांडे आंत सोडण्याची, आणि दुसरी जड पाण्यांत गॅडोलिनियमचें द्रावण मिसळण्याची.

परंतु दोघांचें मत घेतलें म्हणून एकट्याचें ओरडणें कोणीं हंसण्यावारी नेत नाहीं. त्याची नोंद होते, आणि तो मार्ग तपासावयाचा असतो. कारण आज जो उगाच ओरडतो तो उद्यां खऱ्या प्रसंगीं गप्प बसणार नाहीं याची हमी कोण देणार?

या जिल्ह्यानें हाच न्याय भूकंपाच्या बाबतींतही अनुभवला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि भीतीनें कित्येक कुटुंबांनीं थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. जमीन थरथरली ती भूकंपानें कीं मालमोटारीनें, हें एका ठिकाणच्या यंत्रावरून निश्चित होत नाहीं. निरनिराळ्या ठाण्यांच्या नोंदी जुळल्या म्हणजेच धक्का खरा ठरतो व त्याचा उगम सांपडतो.

संगणकांतही सुधारणा झाली आहे. नव्या पद्धतींत प्रत्येक यंत्र सामायिक तार न ओढतां आपल्या नांवाचा स्वतंत्र निरोप पाठवितें. एका यंत्रास प्रथम ३२ आणि नंतरच्या योजनेंत २०४८ पर्यंत निरोप राखून ठेवतां येतात. एका घंटेऐवजीं प्रत्येक खोलीस निराळी घंटा आली म्हणावयाची. त्यामुळें पुष्कळ भांडणें मिटलीं. परंतु सर्वच नव्हेत. मोकळी तार, गंजलेला सांधा आणि नोंद न वाचणारा मुनीम हे नव्या घरांतही राहावयास येतात.

सारांश, खोट्या हांकेशीं वागण्याच्या दोन सोप्या रीती आहेत आणि दोन्ही घातक आहेत. एक, प्रत्येक हांकेस मान डोलावणें. दुसरी, घंटाच काढून ठेवणें. तिसरी रीत कष्टाची आहे: प्रत्येक हांक मोजावी, ‘माझी नाहीं’ असें म्हणणाऱ्यास तसें म्हणूं द्यावें, आणि बटणापासून उंबरठ्यापर्यंतची तार हातानें चांचपून पाहावी. रात्रपाळीवरून सकाळीं थकून परतलेल्या मुलानें ‘काल दिवसभर खोट्या घंटेचा माग काढीत होतों’ असें सांगितलें, तर त्यानें वेळ वायां घालविला असें कोणीं समजूं नये. खरी घंटा वाजेल तेव्हां ती ऐकणारा कोणीतरी जागा राहावा, एवढ्यासाठींच त्याचा तो खटाटोप असतो.